पाघळलेलं तूप

३ जानेवारी २०२५, सकाळ.
खर्ड्यात थंडी फार. बायकोच्या, भागूच्या फोटोखाली भिंतीतल्या देवळीत तुपाची वाटी ठेवतो. झोपताना घट्ट गोठलेलं तूप सकाळी पातळ. भागूला जाऊन फाल्गुनात वर्ष होईल. घरात मी एकटा. भ्यालो नाही. नोंद ठेवतो, इतकंच.

४ जानेवारी.
पुन्हा पातळ. नागापूरहून मुलाचा, कल्याणचा फोन. म्हणाला, आबा, वितळलं असेल. मी सातवी शिकलो, हा कंपनीत सुपरवायझर, आणि शब्द कळत नाही. वितळायला विस्तव लागतो, विरघळायला पाणी. नुसत्या उबेनं सैल होऊन ओघळतं, ते पाघळणं. भागू वाटी हातात धरून बसायची. म्हणायची, जाळ कशाला, हातानं पाघळतंय की. आमचा गॅस पलीकडच्या खोलीत. मग हात कुणाचे?

५ जानेवारी.
पहाटे जागून बघायचं ठरवलं होतं. जागाच होतो. डोकं गोधडीत असल्यामुळे दिसलं नाही. तूप पातळ.

९ जानेवारी.
कल्याण न्यायला येतो म्हणतो. नको म्हणालो. कांद्याला पाणी द्यायचंय असं सांगितलं. कांदा लावलेला नाही. पण भागू आली आणि दाराला कुलूप दिसलं, तर ती जाईल कुठं?

१४ जानेवारी.
तब्येत उत्तम. भागूशी रोज बोलतो. शेजारच्या रंगुबाईची लेक बाळंतपणाला आलीय, पोर फार रडतं. रंगुबाई म्हणाली, दाजी, कुनाशी बोलताय वो? रेडिओ म्हणालो. ती म्हणाली, तुमचा रेडिओ लई दिस बंदच हाय की.

२० जानेवारी.
तूप गोठलेलं. थंडी वाढली असेल.

२१ जानेवारी.
गोठलेलंच. रुसली असेल. दार उघडं ठेवून झोपलो. कुत्रं येऊन भाकरी घेऊन गेलं. उद्यापासून बोलताना आवाज खाली ठेवायचा.

२२ जानेवारी.
रंगुबाई आली. लेक रविवारी सासरी गेली, घर खायला उठतंय म्हणाली. मग म्हणाली, बाळंतिनीच्या न्हानाच्या पान्याची चूल तुमच्या भितीला लागूनच मांडली हुती, पहाटेपासनं जाळ असायचा, धूर आला आसंल तर राग धरू नका. लेक गेली त्याच दिवशी मोडली म्हणे.
धूर आला नाही म्हणालो.
ती गेल्यावर देवळीत हात घातला. भिंत गार.

२३ जानेवारी.
कल्याणला फोन केला. रविवारी ये, न्यायला. एकदम कसं काय, म्हणाला. थंडी सोसवत नाही म्हणालो.
तो म्हणाला, आबा, इकडंही तेवढीच आहे.