आरोहीचा पाट

देवास, ३ ऑक्टोबर २०२५

ती. विद्युल्लताताईस,
धाकट्या अलकाचा शि. सा. न. वि. वि.

घरातले सगळे मोबाईल यांनी कपाटात कुलपात ठेवलेत, म्हणून कागद घेतला. रागानं लिहितेय, आधीच सांगते.

तुझी लेक किमया अष्टमीला आली. मला वाटलं, मावशीकडे प्रसादाला आली. तर बाईसाहेब माझ्या आरोहीला भेटायला! इंटरनेटवर फसवल्या गेलेल्या मुलांवर संशोधन करतेय म्हणे. सुरुवात कशी झाली, कोण वेळेत थांबवू शकलं असतं, हे मुलांच्याच तोंडून ऐकायचं, म्हणजे पुढची मुलं वाचतील. आरोहीला नको असेल तर विचारणार नाही, असंही म्हणाली. अगं, पण आमचीच पोर सापडली का? गेममध्ये मैत्रीण बनून त्या नालायकानं तिचे फोटो मागवले, मग धमकावलं. यांनी पोलिसांत तक्रार दिली, तो धरला गेला. बात खतम! आता उकरायचं कशाला?

वर सगळ्यांसमोर विचारते, कुमारिकांत आरोही का नाही? गल्लीतल्या मुली पाटावर जेवत होत्या. आरोहीला मी आतल्या खोलीत ठेवलं होतं. देवीच्या कामात मला शंका नको होती. चहासुद्धा न देता घालवलं किमयाला. समज दे तिला.

रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
अलका

धार, ८ ऑक्टोबर

चि. अलकास,
आशीर्वाद लिहितेय, पण आज हात जड झालाय.

किमया रडत घरी आली. तुझ्या चहासाठी नव्हे. शंका कसली गं? गुन्हा त्यानं केला आणि पाट हिचा काढलास? देवी टेकडीवरून उतरून सांगायला आली होती तुला? इतकं कसलं तुझं सोवळं, की त्याला पोटची मुलगी चालेना!

किमया कुणाचं नाव सांगत नाही. एवढंच म्हणाली, की असे फसवणारे लोक मुलांना हमखास एकच भीती घालतात: घरी कळलं तर तुझेच लोक तुला दूर करतील. म्हणून मुलं गप्प बसतात. अलके, त्या माणसाचं बोलणं तू खरं करून दाखवलंस. तेही अष्टमीला.

बोलायचंय का, ते आरोहीला विचार. तुझ्या अशोकरावांना नव्हे.

लोभ आहे, म्हणूनच एवढं बोलले.
ताई

देवास, १५ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र फाडणारच होते. त्याच तिरमिरीत टेकडीवर दर्शनाला गेले. तिथे शेजारची नेहा भेटली आणि मला शाबासकी देऊ लागली, की भाभी, अच्छा किया, ऐसी लड़की को पूजा में नहीं बिठाया. ऐसी? माझ्या पोरीला ऐसी? पायऱ्यांवरच तिला असं झापलं, की रांगेतले लोक वळून बघायला लागले. उतरताना मात्र संताप जाईना. शब्द तिचा होता गं, करणी माझीच.

घरी येऊन आरोहीला म्हटलं, चैत्राच्या नवरात्रात सगळ्यांत आधी तुझा पाट मांडते. तर आवाज चढवून म्हणाली, नको मला तुझा पाट. कितीतरी दिवसांनी चढवला आवाज! मग म्हणाली, किमयाताईशी बोलायचंय, पण आई, तू समोर नको.

लागलं मला. फार लागलं. हेही नको म्हणत होते. त्यांना सांगितलं, ठरवणारे आपण नव्हे.

भाऊबीज झाली की किमयाला पाठव. दोघींना वरची खोली देते. आत काय बोलणं झालं ते विचारणार नाही. त्या खाली येईपर्यंत कुणाला जिना चढू देणार नाही. यांनाही नाही आणि मलाही नाही.

तूही ये, राग घेऊन ये.
तुझी,
अलका