कोठीवरचं इंग्रजी

ता. ४, सोमवार
माझ्या ज्वारीच्या कोठीवर खडूनं इंग्रजी लिहून ठिवलंय. इचारलं बी न्हाई. कोठी माझी हाय, हिच्या बापाची न्हाई.
लिवणारी माझी नात, सुजाता. शनवारी गंगाखेडच्या शाळेत धडा घेऊन दावायचाय. जमलं तर मास्तरीण. मिलिंदा, तिचा बाप, म्हणतो पोरगी एकटी खोली करून ऱ्हायची न्हाई. मागं एका शाळेचा फोन ह्यानंच उचलला. 'नको' म्हणून ठिवून दिला.

ता. ५
वर्ग भराया मला बशिवलं. कामाचा शबुद वाक्याच्या म्होरं कसा ठिवायचा, हा धडा. 'कुकिंग इज हार्ड' म्हणा न्हाईतर 'टु कुक इज हार्ड'. सैपाक अवघड, दोन्हीत तेच.
म्हणलं, "बाई, दोन्ही बरुबर तर निवडायचं कशाला?"
खडू हातातच ऱ्हायला. डोळे भरले. "आज्जे, तितं पोरांनी आसंच इचारलं तर?"
"तर रडून दाव."
जेवली न्हाई. भाकरीवर लोणी घालून ठिवलं, मांजरीला म्हणून. खाल्लं सुजातानंच.

ता. ७
आज तिनं नीट सांगितलं. बोलताना पयलं, 'कुकिंग'वालं, येतं तोंडात. दुसरं भारदस्त, भाषणातलं. मी तेच पुना पुना इचारलं, मुद्दाम. शेवटी वराडली, "आज्जे, डोकं हाय का खोकं!"
आता भीती गेली. पोरांला मात्र आसं बोलू नको म्हणलं.
कोठीला हात लावला तर अक्षरं पुसतील. पीठ शेजारून आणलं.

ता. ९, शनवार
पिंगळीच्या टेशनावर मीच सोडाया गेले. बाप आला न्हाई.
दिवेलागणीला परत. एका पोरीनं तेच इचारलं म्हणे. "तुजंच तोंड दिसलं आज्जे, मग काय भ्यायचं!" हासायली.
मिलिंदा जेवता जेवता कोठीवरलं एकेक अक्षर लावून वाचत व्हता. भाकर गार झाली.

ता. ११
शाळेचा फोन यायचाय. नंबर मिलिंदाचाच दिलेला. त्याचा मोबाईल सकाळपासून माझ्या पिशवीत हाय. दोनदा मागाया आला. दिला न्हाई. तिसऱ्यांदा आला, नुसता दारात हुबा ऱ्हायला अन् गेला. काय मनात हाय त्याच्या, कळंना.
कोठी तशीच.
फोन वाजला की सुजातानंच बोलायचं. हो म्हणू दे, न्हाई म्हणू दे. तिनंच.