लांब बाह्यांचं जाकीट

७ डिसेंबर

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. फोनच करणार होते, पण जे सांगायचंय ते सांगताना माझा आवाज चढणार, आणि आमच्या इमारतीच्या भिंती पातळ. पत्रात कितीही ओरडलं तरी वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना ऐकू जात नाही.

तक्रार तुमच्या धाकट्या भावाची आहे. दुसऱ्या कोणाची असणार? लग्न झाल्यापासून रविवार म्हणजे आमची सायकल, हे तुम्ही जाणताच. आठवडाभर हे कारखान्यात पत्रे कापणार, मी दुकानात लोकांचे कपडे उसवून पुन्हा शिवणार, आणि रविवारी सकाळी दोघं कालव्याच्या काठाने निघणार ते उन्हं कलल्यावर परतणार. घाई नाही, शर्यत नाही. बंधाऱ्यावर बसून डबा खायचा, जरा पाय सोडायचे, पुढे निघायचं. मी हळू, म्हणून मी पुढे आणि हे मागे. जो हळू तो पुढे, म्हणजे कोणी मागे पडत नाही, हा नियम यांनीच घातलेला. वाटेत बोलायचं नाही, घंटी वाजवायची. वळण आलं की मी एकदा वाजवते, म्हणजे आहात ना. मागून एकदा वाजते, म्हणजे आहे. दोनदा वाजवली की थांबायचं. आमचा अर्धा संसार या एवढ्या बोलण्यावर झाला आहे.

आता थंडी पडल्यापासून माझ्या घंटीला उत्तर नाही. मी वाजवते, मागे शुकशुकाट. मान वळवून बघावं तर स्वारी आपली येतेच आहे, मजेत. विचारलं तर लक्ष नव्हतं म्हणतात. एकदा नसेल, दोनदा नसेल. दर रविवारी कसं नसतं?

कारण मला ठाऊक आहे. मी एक जाकीट घेतलं. जरा ढगळ आहे, बाह्या पार बोटांपर्यंत येतात, पण ऊबदार आहे. यांनी बघताक्षणी नाक मुरडलं. बाह्या लांब आहेत, परत कर म्हणाले. मी म्हटलं, म्हणूनच तर हात गार पडत नाहीत. मग म्हणाले, निदान कापून आखूड कर. ताई, मी जन्मभर लोकांच्या बाह्या कापत आले, स्वतःची एक बाही मला हवी तेवढी ठेवायची मुभा नाही का? नाहीच कापली. तेव्हापासून हा घंटीचा अबोला. साठीला टेकलेला माणूस एका जाकिटावरून रुसतो, आणि घरी मात्र माझ्यासमोर बसून गोडगोड जेवतो. तुम्ही थोरल्या आहात, त्यांना चार शब्द सुनवा.

लोभ असावा, भावावरचा थोडा कमी करून इकडे वळवलात तर आणखी बरं.

तुमची,
कात्री

* * *

१५ डिसेंबर

चि. सौ. कात्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र औषधांच्या दुकानात, काउंटरमागे उभ्या उभ्या वाचलं आणि हसले. लग्नानंतर महिन्याभरातच मी तुझं नाव कात्री ठेवलं ते काही उगाच नाही. बाळ्याला मी लहानपणापासून ओळखते. तो चिडतो, पण रुसत नाही. रुसायला लागणारी चिकाटी त्याच्यात नाही.

तेव्हा माझं एक ऐक. ते जाकीट घरी ठेव. जुना स्वेटर आहे ना तुझा, मनगटाशी घट्ट बसणारा, तो घालून जा. आणि मोठा रस्ता ओलांडायचा असेल तिथे दोघांनी उतरून, शेजारी शेजारी चालत ओलांडा. का म्हणून विचारू नकोस, मोठी नणंद सांगते म्हणून कर. इतक्या वर्षांत नणंदपणा फारसा गाजवला नाही, तो एकदा गाजवू दे.

माझा गुडघा ठीक. तुमच्या तब्येती सांभाळा. माया आहेच, ती कळव म्हणून सांगायला लागू नये.

तुझी,
ताई

* * *

३० डिसेंबर

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा सल्ला वाचून मला राग आला होता, हे आधी सांगून टाकते. तक्रार घेऊन मी यावं आणि जाकीट मीच काढावं, हा कुठला न्याय? मुद्दाम तेच घालून गेले.

परवाच्या रविवारी काय झालं ते ऐका. कालव्याची वाट जिथे मोठ्या रस्त्याला आडवी जाते, तिथे डावीकडे वळण आहे आणि वळणावर दाट झाडी. मी नेहमीसारखी पुढे, रस्ता ओलांडून पलीकडे गेले, थांबले, मान वळवली. हे बरेच मागे होते. तेवढ्यात झाडीआडून एक मालट्रक येताना दिसला. मी दोनदा घंटी वाजवली. पुन्हा दोनदा. मग ओरडले. हे सरळ माझ्याकडे बघत, पायडल मारत रस्त्यात आले. ताई, त्या ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून आज मी हे पत्र तुम्हाला दुसऱ्या कारणासाठी लिहीत नाही. मागचं चाक ट्रकच्या बंपरला घासलं. ड्रायव्हर खाली उतरून आम्हा दोघांना वाट्टेल ते बोलला आणि मी ऐकून घेतलं, कारण तो खरं बोलत होता.

आणि मग तुमच्या भावाने मला काय विचारावं? म्हणे, तू थांब का नाही म्हणालीस.

रुसायचं तर खुशाल रुसा, जेवू नका, तोंड फिरवून बसा. पण बायकोला धडा शिकवायला ट्रकसमोर यायचं? माझ्या डोळ्यांदेखत? माझ्यानंतर हे गेले तर मला चालेल, आधी गेलेले चालणार नाहीत, एवढा साधा हिशेब या माणसाला कळत नाही.

सायकलवाल्या दुकानदाराला निरोप दिला आहे. येत्या शनिवारी तो येऊन दोन्ही सायकली घेऊन जाईल. मी परत या माणसाबरोबर बाहेर पडणार नाही. त्यांना सांगितलं तर पेपर उघडून बसले. नाही म्हणायचीही तसदी घेतली नाही.

लोभ ठेवा. माझ्याकडचा सध्या आटला आहे.

कात्री

* * *

३ जानेवारी

चि. सौ. कात्री,

आशीर्वाद. पत्र आत्ता मिळालं, आत्ताच लिहिते आहे. दुकानदाराला सायकली नेऊ देऊ नकोस. तो रुसलेला नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही, मी त्याला शब्द दिला आहे. त्याच्यासमोर बस, अगदी समोर, आणि त्यालाच विचार. त्याने सांगितलं नाही तर मी शब्द मोडेन.

ताई

* * *

६ जानेवारी

ताई,

नमस्कार. लिहायचा असतो म्हणून लिहिला.

तुमची चिठ्ठी आज सकाळी आली. त्याआधी शनिवारीच मला सगळं कळलं होतं. दुकानदार यायचा होता म्हणून मी पॅसेजमध्ये सायकली पुसत होते. हे खुर्चीत, माझ्याकडे पाठ करून पेपर वाचत होते. माझा राग अजून धुमसत होता. म्हटलं, जाता जाता या घंटीचं उत्तर तरी घेऊन टाकू. एकदा वाजवली. यांनी पान उलटलं. दोनदा वाजवली. मग वाजवतच सुटले, इतकी की वरचे मास्तर चप्पल न घालता खाली आले, कुठे आग लागली का विचारत. मी त्यांच्याकडे बघितलं, मास्तरांनी यांच्याकडे बघितलं. हे पेपर वाचत होते.

मग एकेक टाका उसवत गेला. फोन आला की मीच उचलायचा. कुकरची शिट्टी झाली तरी हे ओट्याशेजारी बसून ढिम्म. आणि पाऊस संपल्यापासून यांनी जेवायला शेजारची जागा सोडून समोरची खुर्ची धरली. माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. ताई, मला वाटलं, या वयात नवऱ्याला पुन्हा माझ्याकडे बघावंसं वाटतंय. मी दुकानातल्या बायकांना सांगितलंसुद्धा, मिरवत. ते माझे ओठ वाचत होते.

समोर बसवून विचारलं तेव्हा जाकिटाचंही यांच्याच तोंडून कळलं. इतके दिवस घंटी ऐकू येतच नव्हती. घंटीवर माझा अंगठा गेलेला दिसला की हे उत्तर द्यायचे. बाहीने हात झाकला आणि सगळं बंद पडलं. रस्त्यावर थांबा म्हणून मी जिवाच्या आकांताने वाजवत होते आणि त्यांना फक्त एक जाकीट दिसत होतं.

तुम्हाला हे पावसाळ्यापासून माहीत होतं. हे तुमच्याकडे आले होते तेव्हा तुम्हीच त्यांना डॉक्टरकडे नेलंत, आणि मला लिहिलंत काय, तर स्वेटर घाल. मी बायको आहे की शेजारीण? मला कधी कळायचं होतं, ट्रकखालून यांना बाहेर काढताना?

लोभाचं आज काही लिहीत नाही.

* * *

१३ जानेवारी

चि. सौ. कात्रीस,
अ. उ. आ.

तू चिडणार हे ठाऊक होतं. आता माझं ऐकून घे, कारण चिडता मलाही येतं.

डॉक्टरांनी तपासलं तेव्हा बाळ्या शाळेत नापास झालेल्या पोरासारखा मान खाली घालून बसला होता. मशीनच्या आवाजाने कान गेलेत, म्हणाले. बारीक, उंच आवाज आधी जातात: घंटी, शिट्टी, पाखरं. जाड आवाज राहतात, तेही जवळचेच. बाहेर आल्यावर पहिलं काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, हिचा आवाज राहिला. जन्मभर तू आपल्या घोगऱ्या आवाजाला नावं ठेवलीस, आणि त्याला तेवढाच ऐकू येतो.

कानाचं यंत्र घे म्हटलं तर नको. कारखान्यात कळलं तर मशीनवरून काढून गोदामात बसवतील, म्हणाला. आणि तिला कळलं तर ती सायकल बंद करेल. मी म्हटलं, ती तसं करणार नाही. छातीठोकपणे म्हटलं. आणि तू काय केलंस? दुकानदाराला बोलावलंस. तेव्हा तुझ्या नवऱ्याला मूर्ख ठरवण्याआधी हे बघ की तो तुला किती नीट ओळखतो.

ट्रकचं वाचल्यापासून मी स्वतःलाच बोल लावते आहे, हेही खरं आहे. शब्द पाळणं एवढं महागात पडणार असेल तर यापुढे मी कोणाला शब्द देणार नाही.

नमस्कार उपचारापुरता लिहिलास तरी चालेल, पण लिहीत जा.

ताई

* * *

१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

तू शब्द मोडला नाहीस, पण जाकिटाचं लिहून निम्मा मोडलासच. आता इथे माझा पेशंट झाला आहे. ही माझ्याशी परक्या देशातून आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलते. मास्तर जिन्यात भेटले की हातवारे करतात. मी बहिरा नाही. मला नीट ऐकू येत नाही, एवढंच.

यंत्र लावणार नाही हे तिला सांगितलं आहे, तुलाही सांगतो. कारखान्यातलं मी बघून घेईन. माझ्याबद्दल कोणाला काही कळता कामा नये. तुम्ही दोघी माझ्यावरून भांडताय ते खुशाल भांडा. मी पाठ फिरवली की मला शांतता असते.

गुडघ्याला जप.

तुझा,
बाळ्या

* * *

४ फेब्रुवारी

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि. (या वेळी मनापासून.)

सायकली घरातच आहेत. दुकानदार आला होता, त्याला चहा पाजला आणि ब्रेक तपासून घेतले. तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात उत्तरं देत होते. तिसऱ्या दिवशी उत्तरं संपली. मग जाकीट घेऊन बसले आणि बाही कापली. फक्त डावी, घंटी डाव्या हाताला आहे म्हणून. उजव्या बाहीने माझं काय वाकडं केलंय? दुकानातल्या बायका पोट धरून हसल्या. मी त्यांना कारण सांगितलं नाही, कारण तुमच्या भावाने बजावलं होतं की कोणाला कळता कामा नये.

त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. कान गेले तर गेले. पण लपवायचं म्हणून जिवावर बेतलं, आणि अजून लपवायचंच आहे. मी महिनाभर बोलणार नाही असं ठरवलं होतं. पण तेही यांना सांगायला समोर जाऊन उभं राहावं लागलं, आणि समोर गेल्यावर यांनी इतकं लक्ष देऊन ऐकलं की माझा अबोला तिथेच फुकट गेला.

परवा रविवारी निघालो. मोठा रस्ता उतरून, शेजारी शेजारी चालत ओलांडला, तुम्ही सांगितलं होतंत तसा. पुढे मी एकेका वळणावर घंटी वाजवली आणि मागून बरोबर उत्तर आलं. अंगठा दिसत होता ना. सगळं पूर्वीसारखं झालं, आणि नेमकं तेच मला सहन होईना. असंच चालू राहिलं तर हे कधीच कोणाला सांगणार नाहीत, आणि पुढचा ट्रक मला माहीत नसलेल्या रस्त्यावर येईल.

म्हणून बंधाऱ्याजवळ, जिथे लोक गळ टाकून बसलेले असतात, तिथल्या वळणावर मी मुद्दाम उजवा हात डाव्या हातावर ठेवला आणि आडून घंटी वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली. नाही. मी हात काढला नाही, सायकलही थांबवली नाही.

मग मागून आवाज आला. ताई, कारखान्यात मशीन चालू असताना बोलतात तेवढा मोठा. अगं, मी बहिरा झालोय, घंटी मला ऐकू येत नाही, तो हात काढ म्हणजे तुझा अंगठा दिसेल, असं तुमचा भाऊ त्या सगळ्या लोकांदेखत ओरडला. गळ टाकून बसलेली माणसं वळून बघायला लागली.

मी हात काढला. एकदा वाजवली. मागून एकदा वाजली.

पुढची वाट मला बराच वेळ धड दिसत नव्हती. पण मी मागे वळले नाही. वळले असते तर त्यांनी माझं तोंड वाचलं असतं, आणि माझा राग अजून गेलेला नाही, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

लोभ आहे, रागही आहे. दोन्ही तुमच्याजवळ ठेवायला देते.

तुमचीच,
कात्री