एकशे अठरा खणांचं कपाट

मी, महारुद्र वीरप्पा साखरे, वय शहात्तर, धंदा मोटार रिवाइंडिंग (पंपाच्या मोटारी नव्या तारेनं बांधणं), राहणार बेंबळी, ता. जि. धाराशिव, शुद्धीवर असताना, कुणी न सांगता-शिकवता हे मृत्युपत्र लिहीत आहे. शिक्षण सातवी. पुढचं जळालेल्या मोटारींनी शिकवलं.

१. राहतं घर मुलं श्रीशैल व वीरभद्र यांना निम्मं-निम्मं. माझी माती होईस्तोवर भांडू नये.

२. बँकेतली ठेव पत्नी म्हाळसाबाई हिला. तिनं काय केलं हे तिला कुणी विचारू नये. मी कधी विचारलं नाही.

३. दुकानातलं सागवानी कपाट. रद्दीतल्या पुस्तकात मूलद्रव्यांचा तक्ता मिळाला, तो पाहून मी एकशे अठरा खण पाडले. मोटारीतलं तांबं, सेलमधलं जस्त, बल्बच्या तारेतलं टंगस्टन, असे एकोणचाळीस खण भरले. जिल्ह्यात असं दुसरं कपाट दाखवील त्याला दुकान बक्षीस. (ही अट कायदेशीर समजू नये.)

तक्त्यानं मला शहाणं केलं. तांब्याखाली चांदी, चांदीखाली सोनं, एकाच उभ्या रांगेत. तिन्हींतून वीज सरळ पळते. उभी रांग म्हणजे घराणं: वजन वेगळं, गुण मिळते-जुळते. शेजार बघून न पाहिलेल्याचाही स्वभाव सांगता येतो. तक्ता मांडणाऱ्या परदेशी मास्तरानं सिलिकॉनखाली जागा मोकळी सोडली, तिथं येणाऱ्याचं वजनही सांगून ठेवलं. पंधरा वर्षांनी जर्मेनियम सापडलं, वजन जवळपास तेच. माझ्या खणातलं जर्मेनियम जुन्या रेडिओच्या डायोडमधलं. ते हुडकलं माझ्या लेकीनं, शिवप्रियानं.

४. गेल्या साली मुलांनी टेप लावून कपाटावर मधोमध खडूची रेघ मारली. अठरा उभ्या रांगांतल्या नऊ याला, नऊ त्याला. लोखंड एकाकडं, तांबं दुसऱ्याकडं. त्यांना काय बोलू? मी आणि भाऊ वैजनाथनं वाटणीत दाराची एकेक फळी घेतली होती. दोघांच्याही घरात कुत्री शिरायची. शिवप्रिया सासरहून, परंड्याहून आली होती. रेघ बघून म्हणाली, "करवत लावली की भंगार झालं, आप्पा. अन् ह्यात माझा खण कुठला?"

वडिलार्जित शेत मुलांच्या नावावर करताना हक्कसोडपत्रावर तिची सही मीच घेतली होती, रिवाज म्हणून. त्या मास्तरानं कधी न बघितलेल्यासाठी जागा राखली. लग्न होईस्तोवर माझ्या शेजारी बसून वीस वर्षं मोटारी बांधणाऱ्या लेकीसाठी मी राखली नाही.

५. म्हणून माझ्या कमाईचं दुकान, वाइंडिंग मशीन आणि कपाट, कपाट अखंड, शिवप्रियाला. दुकान रस्त्याला लागून आहे, भाव चांगला येईल, हे ठाऊक असूनच देतो. तिच्याएवढी घट्ट कॉइल मीसुद्धा बांधत न्हाय, हे इथं अभिमानानं नोंदवतो.

हे कलम मुलांना वाचून दाखवलं. वीरभद्र उठून बाहेर गेला. त्याचा राग मला मान्य आहे. श्रीशैल दुकानाची पाटी बघून आला. मग म्हणाला, "पाटीवर 'साखरे अँड सन्स' हाय. ती बदलावी लागंल."

"लागंल."

"म्या रंगवून आणतो. ताईचं नाव केवढं टाकायचं?"

"एस.टी.तून वाचता येईल एवढं."

सही: महारुद्र वीरप्पा साखरे

साक्षीदार: १. गोरोबा माळी, शेजारी (सही)
२. धुरपदाबाई कांबळे, निवृत्त शिक्षिका (सही)

मुक्काम बेंबळी, ता. १२ जानेवारी २०२५