दुसऱ्या पसंतीचा उमेदवार

प्रिय वरदा,

शेवटचा परिच्छेद आधी वाचू नकोस. रहस्यकथांचं तू काय करतेस ते मला ठाऊक आहे. तुला एक गोष्ट विचारायची आहे, तिच्यापायी झोप उडाली आहे माझी. पण त्याआधी डोनलची हकीकत सांगणं भाग आहे.

डोनल म्हणजे माझा रीडिंगचा आयरिश शेजारी. हरीश गेला तेव्हा माझ्याबरोबर स्लाऊला आला होता, तो उंच म्हातारा. आयर्लंडमध्ये बरीच वर्षं खासदार होता, आता लेकीकडे राहतो. तिकडे म्हणे पुढाऱ्याने मतदारसंघातल्या एकाही मयताला गैरहजर राहायचं नसतं. ती खोड इथेही सुटलेली नाही. हरीशला त्याने कधी पाहिलं नव्हतं, तरी सगळ्यांचे हात हातात घेतले, डोळे पुसले, आणि निघताना सवयीने तुला विचारलं की घरासमोरचा रस्ता कसा आहे. त्या दिवशी तू तेवढी एकदाच हसलीस. पुढे तुझ्या दारातला खड्डा बुजला तो त्यानेच कौन्सिलला पिडून. तो बुजायच्या आधी, खड्डा अजून तसाच आहे हे रीडिंगमध्ये बसून तुला कसं कळतं, असं त्याने मला विचारलं होतं. मी हवापाण्यावर बोललो.

खरी गंमत त्याच्या कारकिर्दीची. हा गडी एकदाही पहिल्या फेरीत निवडून आला नाही! तिकडे आपल्या विधान परिषदेसारखे पसंतीक्रम द्यायचे असतात. डोनल दारोदार जाऊन सांगायचा, पहिलं मत तुमच्या माणसाला खुशाल द्या, दुसरं तेवढं माझ्यासाठी ठेवा. प्रतिस्पर्ध्याच्या सख्ख्या आईकडेही मागितलं, आणि त्या माउलीने दिलं. पहिला माणूस मोजणीतून गेला की त्याची मतं दुसऱ्याकडे येतात. तशी ती येत येत हा दर वेळी खासदार. एकदाच ऐटीत पहिलं मत मागायला गेला आणि सपशेल आपटला. ही तर भीक झाली, असं मी म्हणालो तेव्हा मात्र तो भडकला. दुसरं असण्यात लाज कसली, म्हणाला, न मागणाऱ्याच्या वाट्याला भोपळा येतो. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी माझ्यासाठी स्थळं शोधून हात टेकले, हे मीच त्याला सांगितलेलं होतं.

पुण्याच्या ऑफिसात मी तुला विचारायचं वाक्य घोटत बसलो आणि हरीश विचारून मोकळाही झाला. बरंच झालं. आम्हा दोघांत निवडायचं असतं तर मीही त्यालाच मत दिलं असतं. त्याचा पहिला क्रमांक कायमचा त्याचाच. पण वरदा, त्याच्याखालची जागा रिकामी असेल तर तिथे माझं नाव लिहिशील? उरलेली वर्षं मला तुझ्याबरोबर काढायची आहेत. डोनल म्हणतो, मत पोस्टाने मागायचं नसतं, उंबऱ्याशी जायचं असतं. म्हणून हे पत्र मीच तुझ्या दारातून आत सरकवलं आहे. खिडकीतून बघ. फाटकापाशी तुझ्या शेजारणीला रस्त्याची विचारपूस करतोय तो डोनल. त्याच्या पाठीमागे लपलाय तो मी.

तुझाच,
मिलिंद