उकंडीचं नाव

किन्हीराजा, मंगळवार, ७ जुलै १९५३

उकिरड्यावरून पोरीचं नाव कशाला, म्हणून आज शाळेच्या रजिस्टरात उकंडीला मी सुलोचना करून टाकलं. संध्याकाळी तिची माय दारात आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"गुरुजी, पहिल्या तिघाईचे नावं चांगलेच होते. तिघंई गेले. हिले जन्मल्याबरोबर उकंड्यावर ठेवलं, मंग उचललं. मरणाले कचरा वाटला पाह्यजे. तुमी काहून दाखवून देऊन राह्यले?"

मी हसलो. कशाला हसलो? सुलोचना खोडलं, तरी ते हसणं जात नाही.

मी स्वतः सही करताना नुसतं आडनाव लिहितो, धोंडू लिहायची लाज वाटते. माझ्याआधी किती गेले, हे आईला कधी विचारलंच नाही. आता विचारायला ती नाही.