चाळीस प्रवाशांसमोर राहिलेले वाक्य

अकरा जानेवारीच्या माझ्या पहिल्या मृत्युपत्रात एक वाक्य खोटे आहे. "आजोबा कधी कोणाला टाकून बोलल्याचे मला माहीत नाही," असे मी लिहिले होते. मला माहीत होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते. यापुढे हेच खरे धरावे.

मी, प्रियदर्शनी सुगत सिरसाट, वय २९, शाळेत ग्रंथपाल, राहणार जठारपेठ, अकोला, हे स्वतःच्या इच्छेने लिहीत आहे. कोणी दबाव आणला असे समजू नये. येत्या मंगळवारी अमरावतीला माझ्या गळ्यातली थायरॉईडची गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रिया साधी आहे, आवाज काही दिवस बसेल, क्वचित कायमचा जातो. त्या 'क्वचित'ने माझी झोप नेली आहे.

१. बँकेतली ठेव व भविष्य निर्वाह निधी आई, मायाबाई, हिला. तिने आधी गुडघे दाखवून घ्यावेत.

२. स्कूटर चुलतभाऊ पियुषला, हेल्मेटसह. हेल्मेटशिवाय दिसला तर स्कूटर आईने काढून घ्यावी.

३. घड्याळ मैत्रीण आरतीला द्यायचे होते. पण ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणाले. म्हणून ते मी कालच तिच्या मनगटावर बांधले.

४. आजोबा बुधाजी सिरसाट यांची चामडी बॅग आणि तिकिटाचा पंच महापालिकेच्या वाचनालयाला. आजोबा एसटीत वाहक होते आणि कविता करत. अकोला–अमरावती गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला "बसा जी" म्हणत. जागेवरून भांडणाऱ्यांना चार ओळी ऐकवून हसवत. निवृत्तीनंतर शाळाशाळांतून तेच सांगत फिरले. "बोली रांगडी राहू द्या, वागनं नको," हे त्यांचे म्हणणे आता आमच्या चौकातल्या फलकावर कोरले आहे. रविवारी महापालिका त्या चौकाला त्यांचे नाव देणार आहे.

५. त्यांची निळी वही मात्र भाजीवाल्या आशाबाईंना.

पहिली-दुसरी मी घरीच शिकले, आजोबांपाशी. त्यांनी या वहीत मला एकदा शुद्धलेखन घातले: "आशाबाई, टोपलीचे तिकीट मीच तुम्हाला अकोल्यात दिले होते आणि विसरलो. तुम्ही ते दाखवत होता, मी पाहिले नाही. चाळीस प्रवाशांसमोर तुम्हाला चोर म्हणून मूर्तिजापूरला उतरवले. चूक माझी." खाली त्यांची सही आहे.

ती घटना माझ्या जन्माआधीची. दुसऱ्याच दिवशी ते माफी मागायला आशाबाईंच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "मले एकटीले कायले हात जोडता, कंडक्टरसायेब? चाळीस लोकायसमोर चोर म्हनलं ना? मंग लोकायसमोरच सांगा." त्या दिवसापासून आजोबा गाडीत "बसा जी" म्हणू लागले. हजारो लोकांशी नीट बोलले. ही एक माफी तेवढी सर्वांसमोर मागणे त्यांना जमले नाही. मला लिहायला सांगितले, ते बहुधा म्हणूनच. मी त्यांच्यावर रागावलेली नाही. त्यांची फार आठवण येते.

६. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक देवानंदकाका. ते आधी वाद घालतील, मग सगळे नीट करतील. रविवारी चौकात ही वही मी सर्वांसमोर वाचणार, हे सांगितले तेव्हा भडकले, "सत्काराच्या दिवशी कायले उकरून राहिली वं पोरी?" मी म्हटले, "काका, खाली आजोबाची सही हाये." त्यांनी वही उघडून सही पाहिली. मग म्हणाले, "बाईले खुर्ची पयल्या रांगेत ठेवजो. उन्हात नको."

मी वाचण्याआधी मला काही झाले, तर वही काकांनी चौकात वाचावी आणि मग आशाबाईंच्या हाती द्यावी. पण हे काम दुसऱ्यावर टाकणे मला पटत नाही. सोमवारी मी आशाबाईंना बोलावून आले. त्या ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणाल्या, "येतो मी. पन मोठ्यानं वाचजो, माय. कान गेले माये."

मोठ्याने वाचायला आज माझा आवाज आहे.

सही: प्रियदर्शनी सुगत सिरसाट

आमच्या दोघांसमोर तिने सही केली व तिच्यासमोर आम्ही केली:
१. आरती खंडारे, मैत्रीण
२. किशोर ढोरे, शेजारी

ठिकाण: अकोला
लिहिल्याचा दिवस: बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६
वही मी स्वतः वाचण्याचा दिवस: रविवार, २२ फेब्रुवारी २०२६, सकाळी अकरा वाजता, फलकावरचा पडदा उघडण्याआधी.